दाढेतली लवंग

माझी आत्या, बी काझिजा (बी म्हणजे बाई), हसू आलं की डोक्यावरच्या कांग्याचा, त्या रंगीत कापडाचा, पदर ओढून तोंडावर घ्यायची आणि मग हसायची. डोळे हसायचे, खांदे हसायचे, तोंड कधी दिसायचं नाही. आमच्या गावातल्या मुली तिची नक्कल करत मोठ्या झाल्या. एखादी खिदळली की तिची आई म्हणायची, "हसावं तर बी काझिजासारखं. तू काय गाढवासारखी दात काढतेस?" मीही आरशापुढे उभी राहून तसं हसायला शिकले होते. मला ते काही नीट जमलं नाही, कारण मला मुळात हसताना थांबून पदर शोधायचा धीर नव्हता.

आत्या सोमो होती. लग्नाआधी सात दिवस नवरी खोलीबाहेर पडत नाही, उन्हात जात नाही, परक्याच्या नजरेला पडत नाही. त्या सात दिवसांत तिला घडवायचं काम सोमोचं. लवंग, चंदन, गुलाबाच्या पाकळ्या, सगळं कुटून गुलाबपाण्यात भिजवून त्याचा सिंगो करायचा आणि नवरीच्या अंगाला सकाळ-संध्याकाळ चोळायचा. तिला दूध, मध, तूप, अंडी चारून गालावर मांस आणायचं. नवऱ्याशी कसं बोलावं, सासूशी कसं बोलू नये, हे शिकवायचं. पंचवीस वर्षांत आमच्या आणि शेजारच्या तीन गावांतल्या जवळजवळ सगळ्या नवऱ्या तिच्या हाताखालून गेल्या. रस्त्याने चालली तर पोरंबाळं झालेल्या बायकाही तिला बघून पदर सारखा करायच्या.

तिची दुसरी ख्याती दातांची. आमच्या पेम्बा बेटावर लवंग कुठे नाही? हंगामात रस्त्याच्या कडेला चटयाच चटया, घरात पोती, केसांत वास, चहात वास. दात दुखला की आमची माणसं झाडाकडे बघतात. पण झाड असून चालत नाही, हात लागतो, आणि तो हात आत्याचा होता. दोन लवंगा ठेचून दुखऱ्या दाढेत दाबायच्या, चावायच्या नाहीत. तेल असेल तर एकच थेंब, तोही खोबरेल तेलात मिसळून कापसाच्या बोळ्यावर, कारण नुसतं तेल हिरडी भाजून काढतं. मिठाच्या कोमट पाण्याने दिवसातून चारदा चुळा. पेरूची कोवळी पानं उकळून त्या पाण्याच्या गुळण्या. बाहेरून गार पाण्याची घडी ठेवायची, शेकायचं मात्र अजिबात नाही. हे सगळं ती इतक्या ठामपणे सांगायची की अर्धं दुखणं ऐकतानाच उतरायचं.

आणि शेवटी एक वाक्य असायचंच. "दोन रात्री लवंगेच्या, तिसरी डॉक्टरची. गालावर सूज आली किंवा अंगात ताप भरला, तर पहिली रात्रसुद्धा लवंगेची नाही."

हे मी मुद्दाम सांगते आहे. नंतर जे झालं त्यावरून लोक तिला अडाणी म्हणाले. अडाणी ती नव्हती. मी सात वर्षांची होते तेव्हा माझा गाल सुजला. आई-बाप नव्हते, आत्यानेच मला वाढवलं. तिने मला पाठीवर बांधलं, पक्क्या रस्त्यापर्यंत चालत गेली, आणि वडापच्या गाडीने मला शहरातल्या दवाखान्यात नेलं. तेव्हा आमच्या गावातून दातासाठी कुणी शहरात जात नसे. मला तिथलं लाकडी बाक आठवतं, भिंतीवरचं चित्र आठवतं. बाकावरची सगळी माणसं कशाला तरी खूप हसली होती, मीही हसले आणि हसताना काढलेल्या दाढेची जागा ठणकली, एवढं आठवतं. येताना तिने मला शहाळं घेऊन दिलं. ती स्वतः काही प्यायली नाही.

त्याच दवाखान्यातल्या दातांच्या खोलीबाहेर मी गेली अकरा वर्षं कामाला आहे. नंबर देते, नावं लिहिते, हत्यारं उकळून ठेवते. माझं लग्न दोन वर्षांत मोडलं, तेव्हा हे काम मिळालं. डॉक्टर नासरा आत रोग्यांना जे सांगतात ते रोज कानावर पडतं. ऐकून ऐकून मला इतकं पाठ झालं आहे की बाकावरच्या माणसांना मीच अर्धं सांगून टाकते. दवाखान्यात माझी जीभ तलवारीसारखी चालते. त्या आठवड्यात ती कुठे गेली होती, हे मला अजून कोणी विचारलेलं नाही. मीच विचारते.

लग्न थुवैबाचं होतं. आमच्या शेजारच्या बी सौमूची थोरली मुलगी, एकोणीस वर्षांची, शांत. नवरा शामे, बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. लवंगेचा हंगाम नुकताच संपला होता. आमच्याकडे लग्नं तेव्हाच होतात. आत्याने थुवैबाला खोलीत घेतलं आणि दाराला पडदा लावला.

मी रजा घेऊन पाचव्या दिवशी गावी पोचले. अंगणात बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या. त्यांच्यातली एक जण मला म्हणाली, "जा, बघून ये तुझ्या आत्याची करामत. नवरी आली तेव्हा काठी होती. आता गाल बघ, गुलगुलीत झालाय."

"एकच गाल का?" दुसरी म्हणाली, आणि सगळ्या हसल्या.

"दुसरा लग्नानंतर भरेल."

मी पडदा सारून आत गेले. सिंगोचा वास इतका दाट होता की डोळ्यांत पाणी आलं. थुवैबा चटईवर बसली होती, अंगभर पिवळट लेप, आणि उजवा गाल खरंच भरलेला. जबड्याच्या हाडाशी चकचकीत, ताणलेला. बाकी चेहरा उतरलेला. गालात काहीतरी धरून ती हळूहळू चोखत होती.

"काय गं ते?" मी विचारलं.

उत्तर आत्याने दिलं. "लवंग. पहिल्या दिवसापासून तोंडात धरते. म्हटलं, शहाणी आहे, मी सांगायच्या आधीच तोंडाला वास आणते."

नवरीने तोंडाला सुवास यावा म्हणून लवंग-वेलदोडा चघळावा, हे आत्याच शिकवते. त्यामुळे पोरगी दुखऱ्या दाढेत लवंग दाबून बसली आहे, हे कुणाच्या मनात आलं नाही. दुसऱ्या कुठल्या घरात लवंगेचा वास आला असता तर पहिला प्रश्न दाताचाच झाला असता. नवरीच्या खोलीत त्या वासाला कोण विचारतो?

मी आत्याला बाजूला घेतलं. "आत्या, तो गाल दुधातुपाचा नाही."

"मला डोळे आहेत," ती म्हणाली.

"मग?"

तिने पडदा नीट ओढून घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "कालच कळलं मला. सिंगो लावताना तोंडाजवळ गेले तर वास आला. कुजका. विचारलं तर रडली. म्हणाली, खोलीत यायच्या आधीपासून दुखतं, पण सांगितलं असतं तर लग्न पुढे गेलं असतं. शामेच्या माणसांना कुणी सांगितलं नवरी रोगी आहे, तर?"

"मग काल का नाही नेलंस?"

"कसं नेऊ? नवरी आहे ती, झुवेना. पाच दिवस झालेत. अजून दोन दिवस. पेरूच्या पानांच्या गुळण्या चालू आहेत, मिठाचं पाणी चालू आहे. लग्न होऊ दे, मग नवराच नेईल."

"तूच म्हणतेस ना, सूज आली तर पहिली रात्रसुद्धा नाही?"

"ते बाकीच्यांना."

मी काय बोलायला हवं होतं ते मला शब्दशः माहीत होतं. सूज जबड्याखाली उतरली, तोंड उघडेनासं झालं, गिळता येईना, ताप आला, तर तो प्रश्न दाताचा राहत नाही, श्वासाचा होतो. हे मी आठवड्यातून दोनदा तरी कुणाला सांगते. पण पडद्यापलीकडे बायका बसल्या होत्या, आणि मोडल्या लग्नाच्या बाईने नवरीच्या खोलीत अपशकुनी बोलू नये, अशी आमच्याकडे समजूत आहे. आत्या ती समजूत पाळत नव्हती, तरी मी पाळली. खरं सांगायचं तर ती माझी सबब होती. आत्यापुढे मला कधी मोठं होता आलं नाही, एवढंच खरं. मी म्हटलं, "तुझं तू बघ," आणि बाहेर येऊन तांदूळ निवडायला बसले. पुढचा सगळा दिवस मी स्वतःला सांगत होते की मी माझं काम केलं, सांगितलं होतं.

सहाव्या दिवशी सकाळी आत्या माझ्याकडे आली ती डोळ्यांनी हसत. पदर तोंडावर होताच.

"थांबलं दुखणं," ती म्हणाली. "रात्री गाढ झोपली. आज लवंगही नको म्हणाली. जा, बघ, तुझ्या डॉक्टरणीला सांग जाऊन."

मी गेले. थुवैबा माझ्याकडे बघून हसली, अर्ध्या तोंडाने. "ताई, बरं वाटतंय," म्हणाली. शब्द जड होते, तोंडात गरम घास धरून बोलावं तसे. मी तिला "मोठा आ कर" म्हटलं. दोन बोटंसुद्धा आत गेली नसती इतकंच तोंड उघडलं. अंगाला हात लावला तर कढत.

डॉक्टर नासरा म्हणतात, "रोगी म्हणाला, आपोआप थांबलं, तर मला जास्त भीती वाटते. दाढेतली नस मेली की दुखणं थांबतं. पू मात्र आपला रस्ता शोधत राहतो." हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल? आणि त्या सकाळी, आत्या दारात उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत असताना, मी काय म्हणाले? मी म्हणाले, "ताप आहे थोडा. गार पाण्याची घडी ठेव."

आत्या रात्रभर जागली होती. आपण जिंकलो असं तिला वाटत होतं, आणि ते मला मोडवेना. प्रेम म्हणा, भित्रेपणा म्हणा. मला आज त्याला प्रेम म्हणायची लाज वाटते.

दुपारी नवऱ्याकडच्या बायका आल्या. लग्नाच्या दोन दिवस आधी त्या सामान घेऊन येतात. डोक्यावर पेट्या, कापडाच्या जोड्या, अत्तरं, शहरातला हलवा. अंगण भरलं, ढोलकी सुरू झाली. मी भांड्यात लिंबाचं सरबत ढवळत होते. तेवढ्यात पडद्याआडून आत्याने मला हाक मारली. "झुवेना." एवढीच. तशी हाक तिने मला कधी मारली नव्हती.

आत थुवैबा भिंतीला टेकून बसली होती, हनुवटी वर, मान ताणलेली. जबड्याखालचं सगळं फुगून गळ्यापर्यंत आलं होतं, हनुवटी आणि गळा यांच्यात फरकच उरला नव्हता. तोंडातून लाळ गळत होती आणि ती पुसायला तिचा हात उठत नव्हता. आत्याच्या हातात दुधाचा पेला होता. दूध नवरीच्या छातीवर सांडलेलं, सिंगोत मिसळून ओघळत होतं.

"जातच नाही आत," आत्या म्हणाली. "झुवेना, घोट जातच नाही."

"आत्ता न्यायला हवं. ह्या क्षणाला."

थुवैबाची आई, बी सौमू, मागोमाग आत आली होती. तिने तोंडावर हात मारून घेतला. "अंगणात त्यांची सगळी बायकामाणसं आहेत. मागच्या दाराने नेऊ. अंधार पडू दे, मग नेऊ."

"मागच्या दाराने गाडी येत नाही," मी म्हणाले.

"मग अंधार पडू दे."

"बी सौमू, हिला श्वास पुरत नाहीये."

"उद्या कोण हिला घेईल मग?" बी सौमू आत्याकडे वळली. "काझिजा, तू सांग. तू सोमो आहेस. तू म्हणशील तसं."

आत्याने माझ्याकडे बघितलं नाही, बी सौमूकडेही नाही. ती त्या पोरीच्या गळ्याकडे बघत होती. मग तिने आपल्या डोक्यावरचा कांगा काढला. मी तिला घराबाहेरच्या माणसांसमोर बोडक्या डोक्याने कधी बघितलं नव्हतं. तो कांगा तिने थुवैबाच्या डोक्यावरून, खांद्यावरून, सिंगो लावलेल्या अंगावरून घट्ट गुंडाळला आणि तिला काखेत धरून उभं केलं.

"दुसरीकडून धर," ती मला म्हणाली, आणि आम्ही पडदा सारून भर अंगणात आलो.

ढोलकी थांबली. नवऱ्याकडची एक म्हातारी पुढे होऊन म्हणाली, "हे काय? सोमो, नवरीला कुठे काढलीस?"

"दवाखान्यात," आत्या म्हणाली. "हिची दाढ कुजली आहे. तीन दिवस मला माहीत आहे आणि मी झाकून ठेवलं. पोरीचा दोष नाही, हिच्या आईचा नाही. चूक माझी आहे. वाट सोडा."

एवढं मोठ्याने बोलायला तोंड उघडावं लागतं. पदर नव्हता. भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर होतं, आणि सगळ्या अंगणाने तिचे दात बघितले. पुढे दोन काळे खुंट, एका बाजूला काहीच नाही, दुसऱ्या बाजूला हिरडीतून वर आलेली तुटकी टोकं. दोन पोरी एकमेकींना कोपर मारताना मी बघितल्या. कुणीतरी फिसकन हसलं. आत्याला ते ऐकू आलं. तिचा हात सवयीने खांद्याकडे गेला, तिथे पदर नव्हता, आणि तोच हात तिने परत थुवैबाच्या कमरेला घातला. मग रस्त्यावर जाऊन तिने वडापच्या गाडीपुढे उभं राहून ती थांबवली. ड्रायव्हरला म्हणाली, "बाकीचे उतरतील. चल."

गाडीत थुवैबा पुढे वाकून, तोंड उघडं ठेवून श्वास घेत होती. आडवं झोपवू नका, एवढं तरी मी त्या दिवशी नीट सांगितलं. सगळी गाडी लवंगेने घमघमत होती. आत्याने शहर येईपर्यंत थुवैबाची पाठ धरून ठेवली.

डॉक्टर नासरांनी बघितलं आणि मला विचारलं, "किती दिवस?" मी म्हणाले, "पाच-सहा." "तू कधी बघितलंस?" मी म्हणाले, "काल." त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं आणि पुढे काही विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला त्या नजरेने कळलं. मोठ्या सर्जनना बोलावलं. थुवैबाच्या जबड्याखाली चीर देऊन पू काढला, कुजकी दाढ काढली, नळी घातली. नऊ दिवस ती दवाखान्यात होती. पहिल्या रात्री ती राहते की जाते, हे कुणी सांगायला तयार नव्हतं. ती राहिली.

लग्न महिन्याने झालं. शामे चांगला निघाला. त्याने घरच्यांना सांगितलं म्हणे, "इंजिन बिघडलं म्हणून कुणी बोट फेकून देत नाही." थुवैबा पुन्हा सात दिवस खोलीत बसली, पण सोमो दुसऱ्या गावाहून आणली होती. आत्याला आमंत्रण होतं. पाहुणी म्हणून. ती गेली नाही. तिच्याकडे त्यानंतर कुणी मुलगी आणली नाही, आणि आणली असती तरी तिने घेतली नसती. दात दुखला म्हणूनही कुणी येईना. पोरं मात्र यायची, कुंपणाबाहेरून तोंड वाकडं करून दात विचकून दाखवायची आणि पळायची. मी सुट्टीला गेले की त्यांच्यामागे काठी घेऊन धावायचे. आत्या म्हणायची, "राहू दे. खोटं काय दाखवतात ती?"

मला वाटायचं, एकदा मी तिच्यासमोर बसून म्हणावं, आत्या, ती चूक एकटीची नव्हती. तू अंगणात सगळ्यांसमोर उभी राहिलीस, तेव्हा मी दुसरी काख धरून गप्प उभी होते. मला माहीत होतं आणि तुझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. प्रत्येक खेपेला हे मनात घेऊन जायचे, आणि चहा पिऊन परत यायचे.

पुढच्या हंगामाच्या आधी एका सोमवारी मी नंबर देत होते. बाक भरलं होतं. चपला वाजल्या म्हणून वर बघितलं तर दारात थुवैबा, आणि तिच्यामागे आत्या. थुवैबाने आता कांगा गळ्याशी असा बांधायला सुरुवात केली होती की जबड्याखालचा व्रण झाकला जावा. मला बघून ती हसली आणि तिचा हात पटकन त्या व्रणावर गेला. आत्या तिच्या त्या हाताकडे बघत होती.

"परत दुखतंय का गं?" मी थुवैबाला विचारलं.

"मला नाही," ती म्हणाली.

आत्या पुढे आली. "नंबर दे."

"तुला?"

"मला. ही पोरगी रोज माझ्याकडे येऊन बसते आणि हात असा ठेवते. मी म्हटलं, काढ तो हात, लाजायचं तू नाहीस. तर मला म्हणाली, आधी तुमचा पदर काढा." तिने बाकाकडे एकदा बघितलं. बाकावर आमच्याच गावच्या दोन बायका होत्या. "काढला मग."

खरंच, पदर खांद्यावर होता. मी चिठ्ठीवर नाव लिहिलं. तिचा नंबर आला तेव्हा मी दिवा धरायला आत गेले. डॉक्टर नासरांनी तिला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "बी, आ करा."

आत्याने तोंड उघडलं नाही. ती माझ्याकडे बघत होती. "तू बाहेर जा."

"का? रोज मीच धरते दिवा."

"जा म्हटलं ना."

"आत्या, मी हजारो तोंडं बघितलीत इथे."

तिने खांद्यावरचा पदर मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाली, "तुला घेऊन मी इथे आले होते, तेव्हाचा डॉक्टर मोठ्या आवाजाचा होता. त्याने दार उघडंच ठेवलं होतं. तुझी दाढ काढली आणि मला म्हणाला, तू पण तोंड उघड बघू. मलाही दुखायचं, मी उघडलं. तो बाहेरच्यांना म्हणाला, या, बघा, बाईने तोंडात लवंगांची बाग लावलीय. बाक हसलं सगळं." ती थांबली. "तूही हसलीस."

डॉक्टर नासरांनी हातातला आरसा खाली ठेवला.

"लहान होतीस," ती म्हणाली. "रागाने नाही सांगत. सगळे हसले म्हणून हसलीस. पण त्या दिवसानंतर मी लवंगेवरच भागवलं."

एकतीस वर्षं. त्यातली निम्म्याहून जास्त एकाच घरात, एकाच ताटात जेवून. मी तिच्यासारखं हसायला आरशापुढे उभी राहायचे. तिच्यासाठी मऊ भात वेगळा काढलेला असायचा, तेव्हा मला वाटायचं, आत्याला मऊ आवडतो. चटईवर ती डाव्या कुशीलाच का झोपायची, हे मी एकदा विचारलं नाही. आणि अकरा वर्षं मी या दारात बसून लोकांना सांगत होते की दाताचं दुखणं अंगावर काढू नका.

मी दिवा खाली ठेवला नाही. बाहेरही गेले नाही. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं. डॉक्टर नासरांनी उठून दार लावून घेतलं, परत येऊन बसल्या, आणि वाट बघत राहिल्या. त्यांना घाई नव्हती, बाहेर तेरा माणसं बसली होती तरी.

"दिवा हलतोय तुझा," आत्या मला म्हणाली.

मी दोन्ही हातांनी धरला. तेव्हा तिने तोंड उघडलं.